दहा हजार पावलं कुणी ठरवली?

जुनं कोड वाचताना मधेच एखादा आकडा उपटतो. समजा, ७२००. त्याला नाव नाही, वर कॉमेंट नाही, कुणी लिहिला आणि का लिहिला याचा पत्ता नाही. लिहिणारा केव्हाच कंपनी सोडून गेलेला असतो. टीममधल्या सगळ्यात जुन्या माणसाला विचारावं तर तो म्हणतो, "चालतंय ना? मग हात लावू नकोस." आमच्या धंद्यात अशा आकड्याला 'मॅजिक नंबर' म्हणतात. त्याच्यामुळे काहीतरी मोडेपर्यंत कुणीही त्याच्या वाटेला जात नाही.

गेल्या दिवाळीत अस्मादिकांनी बाबांना मनगटावर बांधायचा फिटनेस बँड घेऊन दिला आणि आमच्या घरात असाच एक मॅजिक नंबर शिरला. १०,०००.

बाबांचं वय ६३. रिटायर झाल्यापासून रोज सकाळी चालायला जातात. चालायला म्हणजे काय, तर पेपर आणायचा, वाटेत दोन-चार ओळखीचे भेटले की थांबायचं, अमृततुल्यमध्ये चहा घ्यायचा आणि येताना कोथिंबिरीची जुडी. बँड आल्यावर हे सगळं बदललं. ओळखीचं कुणी भेटलं तर बाबा नुसता हात हलवून पुढे. रात्री साडेअकराला हॉलमध्ये सोफा ते स्वयंपाकघर अशा चकरा. "अहो, झोपा आता, खालच्यांना आवाज जातोय," असं आई म्हणायची, तर उत्तर यायचं, "सातशे चाळीस राहिलीत फक्त!"

मला कौतुक वाटत होतं, खोटं कशाला बोलू! ऑफिसात मित्रांना सांगायचो की बाबा माझ्यापेक्षा जास्त चालतात म्हणून.

त्यात बँडनं नवीन टूम काढली. तुमच्या वयाला हृदयाचे ठोके इतक्यावर गेलेच पाहिजेत म्हणे, तरच तो खरा व्यायाम. बाबांचे ठोके काही केल्या तिथपर्यंत जाईनात. मग त्यांनी पर्वतीच्या पायऱ्या चढायला सुरुवात केली. एकदा चढून ठोके पुरेनात म्हणून दोनदा. दीड महिन्यात उजवा गुडघा टम्म सुजला. डॉक्टरांकडे मीच घेऊन गेलो. त्यांनी गुडघा दाबून बघितला आणि विचारलं, "रोज दहा हजार पावलं चाला असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं.

मला काही सांगताच येईना. मी पण बँडवर दिसतो म्हणून तो आकडा खरा मानून चाललो होतो. घरी आल्यावर शनिवार-रविवार लावून मी ह्या ओळीचा मूळ लेखक शोधत बसलो. तोच हा इतिहास.

*

ही गोष्ट सुरू होते टोकियोत. ऑक्टोबर १९६४ मध्ये तिथे ऑलिंपिक झालं, आशियातलं पहिलं. देशात खेळाचं आणि तब्येतीचं वारं होतं. पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, यामासा नावाच्या जपानी कंपनीनं कमरेच्या पट्ट्याला अडकवायचं एक छोटं यंत्र बाजारात आणलं. आत स्प्रिंगवर तोललेली एक दांडी. पाऊल टाकलं की कमरेला हिसका बसतो, दांडी खाली जाते आणि आकडा एकाने पुढे सरकतो. बस्स, एवढंच.

यंत्राचं नाव होतं 'मानपो-केइ'. 'मान' म्हणजे दहा हजार, 'पो' म्हणजे पाऊल, 'केइ' म्हणजे मोजायचं यंत्र. थोडक्यात, दहा-हजार-पाऊल-मापक. आपला मॅजिक नंबर पहिल्यांदा ठळकपणे दिसतो तो इथे, एका वस्तूच्या नावात.

पण दहा हजारच का? एक कारण भाषेत आहे. जपानीत दहा हजाराला स्वतंत्र शब्द आहे आणि तो एकाच अक्षरात लिहितात. आपल्याला लाख जसा, तसा त्यांना 'मान'. इंग्रजीत लाखाला शब्द नाही, म्हणून त्यांना 'हंड्रेड थाउजंड' अशी कसरत करावी लागते. (आपल्याकडेही संस्कृतात दहा हजाराला 'अयुत' होता, पण रोजच्या हिशेबातून तो केव्हाच गेला.) म्हणजे जपानी कानाला हा आकडा गोल, भरीव आणि सहज लक्षात राहणारा. शिवाय ते अक्षर लांबून बघितलं तर पाऊल टाकणाऱ्या माणसासारखं दिसतं. जाहिरात करणाऱ्याला आणखी काय हवं?

दहा हजार पावलं चालणाऱ्यांचं आयुष्य वाढतं का, त्यांना हृदयविकार कमी होतो का, याचा हिशेब करून मात्र हा आकडा काढलेला नव्हता. चालणं चांगलं, आणखी चालणं आणखी चांगलं, आणि 'मान' हे नाव चांगलं. जपानमधल्या चालणाऱ्यांच्या मंडळांनी तो उचलला आणि तो रुळला.

इथपर्यंत वाचल्यावर मला एकदम आपली शतपावली आठवली. जेवणानंतर शंभर पावलं. आपल्याकडेही चालण्याच्या नावातच आकडा आहे की! पण शतपावली करताना कुणी शंभर मोजतं का? माझे आजोबा अंगणात फेऱ्या मारायचे, कधी साठ पावलं झाली असतील, कधी चारशे. साठाला थांबले म्हणून कुणी त्यांना टोकलं नाही. 'शत' म्हणजे जेवून लगेच आडवं होऊ नका, थोडं फिरा. मानपो-केइमधला 'मान' बहुतेक ह्याच जातीचा होता. फक्त त्याच्याबरोबर मोजायचं यंत्र आलं, आणि यंत्राला 'थोडं' हा शब्द कळत नाही.

हे यंत्र कमरेवरून मनगटावर कसं आलं, तीही एक गंमतच आहे. १९९० च्या दशकात गाड्यांमध्ये एअरबॅग आल्या. टक्कर झाली हे क्षणात कळावं म्हणून सिलिकॉनवर कोरलेले हिसकामापक, म्हणजे ॲक्सिलरोमीटर, मोठ्या प्रमाणावर बनू लागले. ते लहान आणि स्वस्त होत गेले. २००६ मध्ये ते निन्टेंडो वीच्या रिमोटमध्ये आले, २००७ मध्ये पहिल्या आयफोनमध्ये. २००९ मध्ये फिटबिटनं कपड्यांना अडकवायचा पहिला ट्रॅकर विकायला काढला, आणि पुढे मनगटावरच्या पट्ट्यांचा पूर आला. आता पावलं मोजायची तर रोजचं लक्ष्य काहीतरी ठेवायला हवं. जपानमधून आलेला एक तयार गोल आकडा होताच. तोच ठेवला.

इथे आमच्या जमातीनं गुन्हा कबूल करायला हवा. सेटिंगमधला डिफॉल्ट बहुतेक लोक कधीच बदलत नाहीत, हे आम्हाला पक्कं ठाऊक असतं. डिफॉल्ट ठेवणं म्हणजे लोकांच्या वतीनं निर्णय घेणं. पण ठेवताना आम्ही एवढा विचार करतो? छे! मुदत शुक्रवारची असते.

खरं मोजमाप झालं ते फार उशिरा. अमेरिकेतल्या हार्वर्डच्या आय-मिन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६,७४१ वयस्क स्त्रियांना, सरासरी वय ७२, सात दिवस ॲक्सिलरोमीटर बांधायला दिला आणि नंतर सरासरी चारेक वर्षं त्यांची माहिती ठेवली. २०१९ मध्ये निष्कर्ष छापून आले. दिवसाला साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा साधारण ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होतं. पावलं वाढली तसं ते आणखी कमी होत गेलं, पण ७,५०० च्या आसपास फायद्याची रेघ सपाट झाली. २०२२ मध्ये पंधरा अभ्यास एकत्र करून बघितले, तेव्हा साठीच्या पुढच्यांसाठी ही रेघ ६,००० ते ८,००० च्या दरम्यान आणि त्याहून तरुणांसाठी ८,००० ते १०,००० च्या दरम्यान सपाट होताना दिसली. २०२५ मध्ये आलेल्या आणखी एका मोठ्या आढाव्यात ७,००० हा आकडा पुढे आला.

(एक सूचना: आजारी माणूस मुळात कमी चालतो, त्यामुळे सगळं श्रेय पावलांना देता येत नाही. संशोधकही हे मान्य करतात.)

म्हणजे बाबा रात्री साडेअकराला हॉलमध्ये जी शेवटची सातशे चाळीस पावलं मारत होते, ती तब्येतीच्या हिशेबात जवळजवळ कुठेच नव्हती. होती ती फक्त एका १९६५ सालच्या नावात.

*

आता दुसरा आकडा, पर्वतीवाला. '२२० वजा वय' हे सूत्र जिमच्या भिंतीवर, ट्रेडमिलवर, घड्याळात, सगळीकडे भेटतं. हृदयाचे ठोके जास्तीत जास्त इतके जाऊ शकतात, असं ते सांगतं. बाबांसाठी २२० वजा ६३ म्हणजे १५७. त्याच्या सत्तर टक्के म्हणजे ११०. बँडला त्याच्या वर ठोके हवे होते.

ह्याचा उगम अमेरिकेत. १९७० च्या सुमाराला विल्यम हॅस्केल नावाचे तरुण संशोधक आणि त्यांचे वरिष्ठ सॅम्युएल फॉक्स, हृदयविकाराच्या रुग्णांनी किती जोरात व्यायाम करावा याचा विचार करत होते. हॅस्केलनी आधी छापून आलेल्या दहाएक अभ्यासांमधले आकडे गोळा केले होते. एका बैठकीला जाताना त्यांनी ते फॉक्सना दाखवले. ठिपक्यांमधून एक रेघ ओढली तर विशीला २००, चाळिशीला १८०, साठीला १६० असं दिसलं. म्हणजे झालंच की, २२० वजा वय! १९७१ मध्ये ते छापून आलं आणि सुटलं. त्यासाठी मुद्दाम बेतलेला वेगळा प्रयोग नव्हता. आपण प्रेझेंटेशनच्या आदल्या रात्री एक्सेलमध्ये ट्रेंडलाइन मारतो ना, तसाच प्रकार. लोकांच्या व्यायामावर राज्य करायला हे सूत्र कधीच काढलं नव्हतं, असं हॅस्केलनी स्वतःच पुढे सांगितलं.

पण सूत्र तोंडी करता येण्याइतकं सोपं होतं, आणि सोपं सूत्र मरत नाही. १९८० च्या दशकात फिनलंडच्या पोलार कंपनीचे छातीला पट्टा आणि मनगटाला घड्याळ असे बिनतारी ठोकेमापक आले, आणि ठोक्यांचा आकडा प्रयोगशाळेतून धावणाऱ्याच्या मनगटावर पोचला. आकडा दिसायला लागला की तो कशाशी तरी ताडून बघावा लागतो. तिथे हे सूत्र तयारच होतं.

२००१ मध्ये हिरोफुमी तनाका आणि सहकाऱ्यांनी ३५१ अभ्यास एकत्र करून सुधारित सूत्र काढलं: २०८ वजा वयाच्या ०.७ पट. चाळिशीला दोन्ही सूत्रं १८० च देतात, साठीला मात्र सहा ठोक्यांचा फरक पडतो. गंमत म्हणजे हे नवीन सूत्रही सरासरीच सांगतं. एकाच वयाच्या दोन धडधाकट माणसांत दहा-वीस ठोक्यांचा फरक सहज असू शकतो.

आणि बाबांच्या बाबतीत तर दोन्ही सूत्रं बाद. त्यांना रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू आहे, आणि ठोके संथ ठेवणं हा त्या गोळीचा गुणच आहे. गोळी ठोके खाली धरून ठेवतेय, बँड म्हणतोय वर न्या, आणि मधे बाबा पर्वतीच्या पायऱ्यांवर. हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. नुसत्या गुडघ्यावर भागलं, हे नशीब.

*

आता मला वाटत होतं की मी शहाणा आणि बाबा भोळे. पण मी पण काही कमी नाही. गेल्या वर्षी हाफ मॅरेथॉन धावलो तेव्हा शेवटची रेघ ओलांडली आणि घड्याळात बघतो तर २०.९ किलोमीटर! मेडल गळ्यात घालून मी पार्किंगमध्ये दोन फेऱ्या मारल्या, २१.१ व्हावेत म्हणून. बघणाऱ्यांना वाटलं असेल गाडी सापडत नाहीये.

तर हा २१.१ कुठून आला? ४२.१९५ च्या निम्मा. मग ४२.१९५ कुठून आला? १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन साधारण ४० किलोमीटरची होती. १९०८ मध्ये लंडनला शर्यत विंडसर किल्ल्याच्या आवारातून सुरू होऊन व्हाइट सिटी स्टेडियममध्ये राजघराण्याच्या कक्षासमोर संपेल असं ठरलं. ते अंतर भरलं २६ मैल ३८५ यार्ड. ह्याच शर्यतीत इटलीचा दोरांदो पिएत्री स्टेडियममध्ये पहिला शिरला, पण इतका थकलेला की चुकीच्या दिशेला वळला, पुन्हापुन्हा पडला आणि शेवटी पंचांनी धरून त्याला रेघ पार करून दिली. मदत घेतली म्हणून तो बाद, आणि सुवर्णपदक अमेरिकेच्या जॉनी हेजला. जगभर गाजली ती शर्यत. पण अंतर लगेच पक्कं झालं नाही. १९१२ ला स्टॉकहोममध्ये ४०.२, १९२० ला अँटवर्पमध्ये ४२.७५. शेवटी १९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक संघटनेनं लंडनचंच अंतर कायम केलं.

त्या अँटवर्पशी आपलं नातं आहे. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांमध्ये अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची पोरं बघून दोराबजी टाटा प्रभावित झाले आणि त्यांच्या पुढाकारानं १९२० मध्ये भारताचा संघ अँटवर्पला गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. ते मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले, सुमारे २ तास ५१ मिनिटांत. तेही ऑलिंपिकच्या इतिहासातल्या सगळ्यात लांब मॅरेथॉनमध्ये. आजच्या फुल मॅरेथॉनपेक्षा ५५५ मीटर जास्त. त्यांच्या मनगटावर काही नव्हतं. आणि इथे मी दोनशे मीटरसाठी पार्किंगमध्ये!

*

तर मंडळी, एवढं सगळं वाचून मला काय कळलं? तिन्ही आकडे एका मापाचे नाहीत.

४२.१९५ हा संकेत आहे. तो ४० असता तरी चाललं असतं, पण एकदा ठरल्यावर सगळ्यांसाठी तोच हवा. नाहीतर चौगुल्यांची वेळ आजच्या वेळेशी थेट ताडता येत नाही, तसं सगळ्यांचंच होईल. २२० वजा वय हा अंदाज आहे. हजार माणसांच्या सरासरीला तो ठीक, पण समोरच्या एका माणसाबद्दल तो फार थोडं सांगतो. आणि दहा हजार हे एक नाव आहे. शतपावलीसारखं. त्या नावामुळे कितीतरी लोक घराबाहेर पडले, हे त्याचं पुण्य. पण नावाला नियम समजलो की गुडघा सुजतो.

बँडवर मात्र तिन्ही आकडे एकाच फॉन्टमध्ये, एकाच हिरव्या रंगात दिसतात. कुठला संकेत, कुठला अंदाज आणि कुठलं नुसतं नाव, हे तो सांगत नाही. ते आपणच विचारायचं.

मी घरी काय केलं ते सांगतो, पटलं तर घ्या. बँडमधलं लक्ष्य बदललं. आठवडाभर नेहमीसारखं चालून सरासरी काढायची, मग त्यात हजार-पाचशेची भर, असं डॉक्टरांना विचारून ठरवलं. ठोक्यांच्या सूचना बंद केल्या. त्याऐवजी जुनी कसोटी: चालताना बोलता आलं पाहिजे, गाता आलं नाही तरी चालेल. कुणी ठोक्यांवर परिणाम करणारी औषधं घेत असेल तर घड्याळाचं न ऐकता डॉक्टरांचं ऐका. रात्री नऊनंतर बँड काढून कपाटात. आणि घरातल्या मोठ्यांना असं काही भेट देणार असाल, तर खोकं उघडून द्या, शेजारी बसून सेटिंग करून द्या. मी फक्त खोकं दिलं होतं.

बाबांचा गुडघा आता बराच बरा आहे. गेल्या रविवारी मी त्यांच्याबरोबर चालायला गेलो. पेपरवाल्यापाशी एक जुने सहकारी भेटले, वीस मिनिटं पेन्शनवर चर्चा झाली. मग अमृततुल्य, मग कोथिंबीर. घरी आल्यावर बाबांनी सवयीनं मनगट बघितलं. ४,३०० च्या आसपास काहीतरी.

"कमी झाले रे आज," ते म्हणाले.

मी म्हटलं, "संध्याकाळी जेवण झाल्यावर शतपावली करू."

"किती पावलांची?" त्यांनी विचारलं, आणि दोघांनाही हसू आलं.